बैठक, वेत आणि गोणपाट
महाड-पोलादपूरच्या वाटेवरील आसनांचा शोध

जुनी खुर्ची दुरुस्तीला काढली की लाकडाचा प्रश्न फारसा अवघड नसतो. साग, शिसव किंवा फणसाचा सांगाडा नीट राखला तर शंभर वर्षे टिकतो. निखळलेले कुसू पुन्हा खाचेत बसवता येते, सरस लावून सांधा आवळता येतो, जुने पॉलिश उतरवून लाखेचा नवा हात देता येतो. अवघड प्रश्न पुढचा असतो : बैठकीला काय लावायचे? वेत, निवार, कापड, रेक्झिन यांपैकी काहीही असले तरी ते लाकडाच्या आधी जाते. त्यामुळे एकाच सांगाड्यावर चार पिढ्यांत चार बैठकी होतात, आणि त्या त्या पिढीला आसन म्हणजे काय वाटत होते हे त्या बैठकीवरून कळते.

हा प्रश्न महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांच्या परिसरात विचारण्याला कारण आहे. महाबळेश्वरला उगम पावून सावित्री नदी पोलादपूर, महाड करीत बाणकोटच्या खाडीत उतरते. या जेमतेम दोन दिवसांच्या पायवाटेवर महाराष्ट्रातील आसनांच्या इतिहासाचे जवळजवळ सगळे टप्पे भेटतात. राजाचे सिंहासन इथे आहे, तहासाठी मांडलेली बैठक आहे, साहेबाची वेताची खुर्ची आहे, आणि बसण्याचा हक्क ज्यांना नाकारला गेला त्यांचा लढाही इथलाच आहे.

मखमलीखाली व्याघ्रचर्म

आसनावर काय पसरले आहे याला राजकारणात किती अर्थ असतो, याचे उदाहरण पोलादपूरच्या डोक्यावरच आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची भेट झाली. त्या भेटीसाठी उभारलेल्या शामियान्याची सजावट मुद्दाम भारी केलेली होती. गालिचे, लोड, तक्के, मोत्यांच्या झालरी पाहून खान नाराज झाला, जहागीरदाराच्या मुलाने एवढा थाट करावा हे त्याला खटकले, असे बखरींतून आणि पुढच्या इतिहासकारांच्या लेखनातून येते. त्या भेटीत एकही खुर्ची नव्हती. मान, अपमान आणि बरोबरी हे सारे कापडाच्या भाषेत बोलले जात होते.

पंधरा वर्षांनी, ६ जून १६७४ रोजी, महाड तालुक्यातल्याच रायगडावर राज्याभिषेक झाला. सभासदाच्या बखरीत सिंहासन ३२ मण सोन्याचे असल्याचे सांगितले आहे. मुंबईहून आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन याने सिंहासनाच्या दोन्ही बाजूंची राजचिन्हे टिपून ठेवली : सोनेरी भाल्यांच्या टोकांवर माशांची मस्तके, घोड्यांची शेपटे आणि न्यायाचा तराजू. आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा तपशील जदुनाथ सरकारांनी दिला आहे. सिंहासनाच्या बैठकीवर खाली व्याघ्रचर्म आणि वर मखमल होते. सरकारांना ही जोडी विजोड वाटली. एक प्राचीन तपस्व्यांचे आसन, दुसरे मोगली ऐश्वर्याचे कापड. पण दोन्ही एकावर एक घालण्यात एक हिशेब दिसतो. वैदिक अभिषेकाला व्याघ्रचर्म लागत होते आणि समकालीन राजांच्या दरबारात मखमल लागत होती. नव्या राजाला दोन्हीकडून मान्यता हवी होती, आणि ती बैठकीच्या दोन थरांत उतरली.

ते सिंहासन १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेल्यानंतर उरले नाही. बैठकीचे कापड तर कोणत्याच काळात उरत नाही. म्हणून जुन्या आसनांचा अभ्यास करताना वस्तूपेक्षा नोंदींवर अधिक भिस्त ठेवावी लागते.

खुर्ची आली ती खाडीने

मराठी घरात बसण्याची साधने भरपूर होती. जेवायला पाट, पूजेला चौरंग, सदरेवर गादी आणि लोड, ओटीवर झोपाळा, आल्यागेल्याला घोंगडी किंवा सतरंजी. खुर्चीची गरज या व्यवस्थेत नव्हतीच. ‘खुर्ची’ हा शब्द अरबी ‘कुर्सी’ फारसीमार्गे मराठीत आला. गोव्याच्या कोंकणीत मात्र ‘कदेल’ म्हणतात, तो पोर्तुगीज ‘कादेइरा’ या शब्दापासून. वस्तू कोणाबरोबर आली याची साक्ष शब्दच देतात.

पेशवाईतही दरबार जमिनीवरच भरत होता. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने १७९० मध्ये टिपूविरुद्धचा तह पुण्याच्या दरबारात पुरा केला. त्या प्रसंगाचे थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पूर्ण केलेले मोठे तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यात इंग्रज अधिकारी घट्ट विजारी घालून बिछायतीवर मांडी मोडून बसलेले दिसतात. बसण्याची रीत तेव्हा यजमानाची चाले. १८१८ नंतर ती उलटली. पुढे साहेबापुढे कोणाला खुर्ची मिळावी आणि कोणी उभे राहावे याच्या याद्या झाल्या. उत्तर हिंदुस्थानात तर ‘कुर्सीनशीन’ म्हणजे अधिकाऱ्यासमोर खुर्चीवर बसण्याचा मान असलेला इसम, अशी दाखल्यानिशी पदवीच होती.

सावित्रीच्या मुखावरचे बाणकोट १७५६ पासून इंग्रजांकडे होते. त्याला त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले. गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ च्या सुमारास महाबळेश्वरला हवा खाण्याचे ठिकाण वसवल्यावर मुंबईची साहेबमंडळी समुद्राने बाणकोटला येत, तिथून होडीने महाडकडे आणि पुढे पार घाटाने वर चढत. नंतर पोलादपूरहून वर जाणारा गाडीरस्ता झाला. त्याला गव्हर्नर फिट्झजेराल्डचे नाव मिळाले, आपण त्याला आंबेनळी घाट म्हणतो. दासगाव बंदर आणि महाडची पेठ या वाटेवरचे मुक्काम. साहेबाचा संसार बरोबर चाले आणि त्यात खुर्च्या असत.

महाबळेश्वरचा तुरुंग आणि वेत

याच वाटेच्या वरच्या टोकाला एक वेगळीच गोष्ट घडली. १८३० च्या दशकात सरकारने मलाक्का-सिंगापूरकडच्या वसाहतींमधून शिक्षा झालेले चिनी आणि मलायी कैदी महाबळेश्वरला आणून ठेवले. तिथला तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. मधल्या काळात महाबळेश्वरचे पुष्कळ रस्ते या कैद्यांनी बांधले, बटाटे आणि इतर विलायती भाज्यांचे मळे फुलवले. त्याबरोबरच त्यांचे आणखी एक काम होते, टोपल्या विणणे आणि वेतकाम. कोयनेच्या खोऱ्यातील ‘चायनामन धबधबा’ हे नाव त्यांच्या मळ्यांवरून पडले. महाबळेश्वरच्या बाजारातील वेताच्या वस्तूंचा इतिहास सांगताना या कैद्यांना वगळता येत नाही.

हे कैदी वेताच्या देशातून आलेले होते. वेत म्हणजे ताडाच्या कुळातील काटेरी वेल. आग्नेय आशियाच्या जंगलांत तो विपुल वाढतो, सह्याद्रीतही त्याच्या जाती आहेत. वरची चकचकीत साल सोलून तिच्या अरुंद पट्ट्या काढतात, त्यांनी खुर्चीची बैठक विणतात. आतला गाभा टोपल्यांना आणि गोल घडणीच्या सामानाला वापरतात.

विणकामाची रीत जगभर साधारण एकच आहे. सांगाड्याच्या चारही बाजूंना छिद्रे पाडलेली असतात. भिजवलेली पट्टी आधी उभी ओढायची, मग आडवी, पुन्हा उभी, पुन्हा आडवी. चौथ्या खेपेला पट्ट्या एकमेकींच्या वर-खाली घालाव्या लागतात. त्यानंतर तिरप्या दोन फेऱ्या, एक डावीकडून आणि एक उजवीकडून. शेवटी कडेने गोठ शिवायचा. छिद्रातली पट्टी सैल पडू नये म्हणून काम चालू असताना तिथे लाकडी खुंटी ठोकून ठेवतात. सहा फेऱ्या पुऱ्या झाल्या की अष्टकोनी भोकांची जाळी तयार होते. ओला वेत वाळताना आवळतो आणि जाळी तबल्याच्या पुडीसारखी ताठ बसते. हे काम डोळ्यांपेक्षा बोटांचे असल्यामुळेच अंध विद्यार्थ्यांच्या शाळांमधून खुर्ची विणण्याचे शिक्षण दिले गेले, आणि सरकारी कचेऱ्यांच्या, रेल्वेच्या किती तरी खुर्च्या अंध कारागिरांच्या हातून विणून आल्या.

युरोपातही ही जाळी पूर्वेकडूनच गेली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी वेत लंडनला नेला आणि वेताच्या खुर्च्यांची इतकी चलती झाली की लोकरी कापड विणणाऱ्यांचा धंदा बसायला लागला. खुर्च्यांच्या गाद्यांवर लागणारे त्यांचे कापड खपेना. रायगडावरील राज्याभिषेकानंतर पंधराएक वर्षांनी, १६८० च्या दशकाच्या अखेरीस, त्यांनी पार्लमेंटकडे वेताच्या खुर्च्यांविरुद्ध दाद मागितली. वेतवाल्यांनी उत्तर दिले की आमची खुर्ची टिकाऊ आहे, हलकी आहे, आणि कापडी खुर्चीला लागणारी धूळ, किडे, कसर हिला लागत नाही.

हे उत्तर लंडनपेक्षा महाडला अधिक लागू पडते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि खालच्या खोऱ्यातही त्याचा जोर कमी नसतो. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते. अशा हवेत काथ्या किंवा कापूस भरलेली, वर जाड कापड ताणलेली बैठक आतून कुजते. वेताच्या जाळीतून वारा खेळतो, आणि ओलीचा तिला त्रास तर नाहीच, उलट ती कोरड्या हवेत आणि उन्हात ठिसूळ होते. सैल पडलेल्या जाळीवर खालच्या बाजूने कोमट पाणी मारून सावलीत वाळवली की ती पुन्हा ताणते. कोकणातल्या जुन्या घरांच्या ओट्यांवर लांब हातांच्या, वेताने विणलेल्या आरामखुर्च्या दिसतात त्यामागे साहेबाचे अनुकरण आहेच, पण हवामानाचा शहाणपणाही आहे.

विणणारे आणि बसणारे

आतापर्यंत आसनांचा इतिहास वरच्या बाजूने पाहिला. खुर्ची उलटी केली की दुसरी बाजू दिसते. गादी भरलेली जुनी खुर्ची उलटी करून चुका उपटल्या, तर थर असे निघतात : सर्वांत खाली निवारीच्या किंवा गोणपाटाच्या आडव्या-उभ्या पट्ट्या, त्यावर गोणपाट, त्यावर काथ्या, मग पिंजलेला कापूस, मग मांजरपाट आणि सर्वांत वर दिसायचे कापड. भार गोणपाट पेलते आणि नाव वरच्या कापडाचे होते.

हे थर तयार करणारे लोक कोण होते? दोर वळणारे मातंग, बांबू विणणारे बुरूड, सूत विणणारे कोष्टी-साळी-मोमीन, कापूस पिंजणारे पिंजारी, घोंगडी विणणारे सनगर-धनगर. महाड-पोलादपूरच्या डोंगरातले धनगर म्हशी पाळणारे गवळी धनगर, कारण इतक्या पावसात मेंढी टिकत नाही. त्यामुळे इथली घोंगडी घाटावरून येई. काम कोणी करायचे हे जसे जातीने ठरे, तसे कोणी कुठे बसायचे हेही. ज्यांच्या हातांनी दोर वळला किंवा टोपली विणली, त्यांतल्या अनेकांना ओटीवर पाऊल ठेवण्याचीही मुभा नव्हती.

महाड तालुक्यात हा प्रश्न प्रत्यक्ष सभागृहात आला तो १८९५ मध्ये. महाडजवळच्या रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त झालेले महार गृहस्थ. जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. ‘विटाळ विध्वंसन’ हे त्यांचे पुस्तक १८८८ चे. १८९५ मध्ये सरकारने त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक केली. वरच्या जातींच्या सभासदांना ती रुचली नाही आणि वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाद झाला. वादाचे मूळ साधे होते. बोर्डाचा सभासद म्हणजे इतरांच्या बरोबरीने, त्याच खोलीत आसन. सरकारी हुकुमाने आसन मिळाले तरी शेजारच्या माणसाने ते मानले पाहिजे, हा धडा महाडला तेव्हाच मिळाला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत शाळेतल्या बसण्याची हकीकत लिहून ठेवली आहे. वर्गात त्यांना एका कोपऱ्यात, गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसावे लागे. शाळा झाडणारा नोकर त्या तुकड्याला हात लावत नसे, म्हणून तो रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी पुन्हा आणायचा. दिवाणखान्यातल्या खुर्चीत मखमलीखाली लपलेले आणि कोणालाही न बाटवणारे गोणपाट शाळेच्या कोपऱ्यात आले की अस्पृश्य होत होते. कापड तेच होते.

ते महाडला आले ते पाण्याच्या हक्कासाठी. सी. के. बोले यांचा, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये केला होता, आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. वलंगकरांच्या नेमणुकीसारखाच हाही कागदावरचा हक्क. १९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेनंतर हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. परतलेल्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. डिसेंबरात दुसरी परिषद भरली, तिच्या मांडवाला गावात जागा मिळेना. फत्तेखान यांनी आपली जागा दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी तिथे मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा दावा न्यायालयात दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. पाणी पिण्याचा हक्क मागायला आधी बसून सभा घ्यायला जमीन लागते, आणि तीही सहज मिळत नाही, ही गोष्ट आसनांचा इतिहास लिहिणाऱ्याने नोंदवलीच पाहिजे.

पुरानंतरचे लाकूड

या परिसरातले जुने सामान टिकवण्यातला सर्वांत मोठा शत्रू आज पाणीच आहे. २२ आणि २३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सावित्रीला महापूर आला, महाड शहर बुडाले, तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. माणसांपुढे सामानाची मोजदाद कोणी करू नये. पण पूर ओसरल्यावर रस्त्यांवर आलेल्या ढिगांमध्ये पिढ्यान्पिढ्यांचे फर्निचरही असते, आणि त्यातले दुरुस्त होण्याजोगे पुष्कळसे घाईत फेकले जाते.

अशा वेळी ओळखायचे असते ते हे, की काय मेले आणि काय जिवंत आहे. फोम, कापूस, काथ्या आणि वरचे कापड यांत गाळ शिरला की ते काढून टाकणेच बरे. भुश्याच्या दाबलेल्या पाट्या फुगतात, त्या पुन्हा सरळ होत नाहीत. सागाचा किंवा शिसवीचा सांगाडा मात्र बहुधा वाचतो. तो स्वच्छ पाण्याने धुऊन, उन्हात न ठेवता सावलीत, वारा लागेल असा आठवडे वाळवावा लागतो. उन्हात घाई केली की लाकूड तडकते. जुन्या सांध्यांतला सरस पाण्याने सुटतो, आणि ते एका अर्थी सोयीचेच असते, कारण सांधा न तोडता उघडता येतो, साफ करून पुन्हा जोडता येतो. म्हणून जुनी खुर्ची दुरुस्त करताना आजही विरघळू शकेल असा सरस वापरावा आणि खिळे ठोकू नयेत, असा जाणत्या सुतारांचा आग्रह असतो. आपल्यानंतरही कोणीतरी ती उघडणार आहे, हे त्यात गृहीत असते.

बैठकीला काय लावावे

अलीकडे जुन्या खुर्च्यांना हातमागाचे देशी कापड लावण्याची आवड वाढली आहे. आवड चांगली आहे. पण प्रत्येक कापड बसण्यासाठी विणलेले नसते. खण चोळीसाठी, अरुंद पन्ह्याचा विणला जातो. मोठ्या बैठकीला तो लावायचा तर मध्ये शिवण येते आणि भार नेमका शिवणीवर पडतो. औरंगाबादचा हिमरू सूत आणि रेशमाचा, त्याच्या मागच्या बाजूला नक्षीचे सुटे धागे धावतात. अस्तर न देता ताणला तर तो पहिल्याच वर्षी उसवतो. मशरूची वीण रेशीम वर आणि सूत आत राहील अशी असते. अंगाला रेशीम लागू नये या धार्मिक नियमातून ती निघाली, नावाचाच अर्थ ‘शास्त्राने मान्य’ असा. तो उशांना, तक्क्यांना फार शोभतो, पण पाऊसकाळात महाडसारख्या ठिकाणी त्याला जपावे लागते. रोज बसायच्या खुर्चीला सोलापुरी जाड सुती वीण, सतरंजीचे कापड किंवा निवार अधिक चालते. कापडाचा ताणा बैठकीच्या पुढून मागे जाईल असा धरावा, खाली मांजरपाटाचे अस्तर द्यावे, आणि चुका चौकटीच्या जुन्या छिद्रांतच माराव्यात.

याहून महत्त्वाचे म्हणजे चौकटीला छिद्रांची ओळ आहे का ते पाहणे. असेल तर ती खुर्ची वेतासाठी घडवलेली आहे. त्यावर फळी ठोकून फोम आणि भारी कापड लावणे म्हणजे तिला दुसऱ्याच हवामानात नेऊन ठेवणे. वेत विणून घ्यावा आणि हौसेचे कापड सुट्या गादीला लावावे. गादी पावसाळ्यात काढून ठेवता येते, धुता येते, पुढच्या पिढीला आवडली नाही तर खुर्चीला धक्का न लावता बदलता येते.

आणि जुने काढलेले थर टाकून देण्याआधी त्यांचा एकेक तुकडा, कोणत्या खुर्चीचा आणि कोणत्या साली काढला एवढे लिहून, ठेवावा. पुण्याच्या सिम्बायोसिस संस्थेच्या संग्रहालयात सविताबाई आंबेडकरांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जतन केलेल्या आहेत. मोठ्या माणसाने वापरले म्हणून ते सामान राहिले, ते योग्यच. पण शाळेच्या कोपऱ्यातला गोणपाटाचा तुकडा कुठल्याही संग्रहालयात असण्याची शक्यता नाही, तो फक्त लिहून ठेवल्यामुळे उरला. साध्या घरांतल्या बैठकींचेही तसेच आहे. वरचे कापड पाहणारे पुष्कळ असतात, खुर्ची उलटी करून खालचा थर पाहणारा आणि त्याची नोंद ठेवणारा माणूस प्रत्येक गावात एखादा तरी हवा.